एकटं पुंजणं

दिवाळी सरली की आमच्या घरासमोरून तणसाचे ट्रॅक्टर जायला लागतात. मी भंडाऱ्यात राहते, मोहाडीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून, आणि या दिवसांत सकाळी गॅलरीचं दार उघडलं की आधी वास येतो. धानाच्या वाळल्या काडीचा वास. थोडा गोड, थोडा धुळकट, शिंक यावी असा. शेजारच्या काकूंना तो फार आवडतो, त्यांना माहेर आठवतं. मला आवडत नाही. त्या वासानंतर दिवसभर मी उगाचच कुठे धूर दिसतो का ते पाहत राहते.

आमच्याकडे धान कापून वाळवतात, त्याचे भारे बांधतात आणि भारे एकावर एक रचून गोल ढीग लावतात. कणसं आत, बुडखे बाहेर. त्याला पुंजणं म्हणतात. चुरणा होईपर्यंत, म्हणजे काडीपासून दाणा वेगळा करेपर्यंत, घराची वर्षभराची कमाई त्या ढिगात उघड्यावर उभी असते. भिंत नाही, कुलूप नाही. त्यामुळे सुगी जितकी आनंदाची तितकीच जपून बोलायची. ज्याचं कुणाशी वाकडं असतं तो या दिवसांत आवाज चढवत नाही. पेपरात आतल्या पानावर कोपऱ्यात बातमी येते, अमक्या गावात धानाचं पुंजणं जळालं, कारण अज्ञात. गावात मात्र ते कुणालाच अज्ञात नसतं.

मी फिल्म बनवणाऱ्यांपैकी आहे. असं म्हटलं की लोक माझ्याकडे जरा नीट पाहतात आणि मग निराश होतात. आमच्या फिल्ममध्ये नट नसतो, नटी नसते, गाणं नसतं. चहा संपायच्या आत संपणाऱ्या फिल्म त्या. मोहाडीच्या बाजारात सायकली दुरुस्त करणारी बाई, सिहोऱ्याकडची एक सुईण, अशा माणसांच्या. माझा कॉलेजपासूनचा मित्र विनय कॅमेरा धरतो आणि मी आवाज घेते. विनयला चौकटी दिसतात. मला बोलणाऱ्यापेक्षा बोलायचं थांबलेल्या माणसाचा श्वास आधी ऐकू येतो. हा काही गुण नाही, खोड आहे. घरातही मी लोकांचं बोलणं सोडून त्यांच्या बांगड्या ऐकत बसते.

ज्या हंगामाबद्दल लिहिते आहे त्या वेळी जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाल्याला बरीच वर्षं झाली होती, पण सानगडीच्या एसटीतली म्हातारी माणसं अजून “आपला गोंदिया” म्हणायची. सानगडीच्या पुढे जंगलाला टेकलेलं एक गाव होतं. आहे. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक गाव शोधून काढतात, फोटो काढतात आणि विसरतात. गावाला मोठा जुना तलाव. तलावाच्या पाळीखाली एक लोखंडी झाकण, ते उचललं की नहरीत पाणी सुटतं. ते झाकण उचलायचं काम पाणकराचं. पाऊस उघडला आणि धान पोटरीत असताना पाणी हवं झालं की पाणकर पाणी सोडतो आणि पाळीपाळीनं बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, देतो.

हे काम पिढ्यान्‌पिढ्या हलकं समजलं गेलं. चिखलात उतरायचं, सापाशी गाठ, रात्री-बेरात्री पाळीवर फिरायचं. म्हणून ते गावाबाहेरच्या टोलीकडे, म्हणजे दलित वस्तीकडे, होतं. टोलीनं छप्पनच्या दीक्षेनंतर गावकीची बाकी कामं सोडली, पण पाणी राहिलं, कारण टोलीच्याही बांध्या होत्या. नहरीच्या अगदी शेवटी. आमची फिल्म जिच्यावर होती त्या पंचफुलाबाईचा सासरा पाणकर होता, मग नवरा, आणि तो वारल्यावर ती. गावानं कुरकुर केली नाही. बाई तर बाई, चिखलात उतरायला कोण तयार होतं? त्या झाकणाचा दांडा हातात असणं म्हणजे काय, हे गावाच्या लक्षात यायला वेळ लागला.

पंचफुलाबाईनं एकच केलं. आजवर पाणी वरून खाली यायचं. आधी तलावाला लागून असलेल्या मोठ्या शेतकऱ्यांच्या बांध्या, मग त्यांच्या भाऊबंदांच्या, आणि टोलीपर्यंत येईतो नहरीत बेडकं उड्या मारत. तिनं नियम उलटा केला. आधी शेवटची बांधी.

“शेवटल्याले भेटलं म्हंजे मधल्या साऱ्याले भेटलंच ना जी,” ती कॅमेऱ्यासमोर म्हणाली. “पानी काय उडून जाते? थे वरच्याच्या धुऱ्यावरूनच जाते. जाता जाता त्याचं भी ओलं होते. पन वरच्यापासून सुरू केलं त खाली काय पोचते? नुसता निरोप.”

हे ती हसत बोलली. वाळलेली, उंच बाई. मुलगी प्रज्ञा साकोलीला बी. ए. करत होती, तिला आईचं असं हसून बोलणं आवडत नसे. तिला वाटायचं, आई समोरच्याला चिडवते. आणि ते खरंच होतं.

आश्विनात आम्ही शूटिंग केलं. उन्हं कडक, धान नुकतं निसवलेलं. पहाटे नहरीवरून जाताना पंचफुलाबाई एकदम थांबली. मी हेडफोन लावलेला होता, म्हणून तिच्या आधी मला कळलं होतं की काहीतरी नाही. पाण्याचा आवाज नव्हता. पुढे नहरीच्या तोंडात मातीनं भरलेलं एक पोतं ठासून बसवलेलं होतं आणि सगळं पाणी एका वरच्या बांधीत वळलेलं होतं. पंचफुलाबाई खाली उतरली, दोन्ही हातांनी पोतं धरलं आणि ओढलं. ते निघालं तेव्हा पाण्यानं जो आवाज केला तो मी आयुष्यात पुन्हा ऐकलेला नाही. कुणीतरी खूप वेळ दाबून धरलेला श्वास सोडावा तसा. विनयनं कॅमेरा हलवला नाही. पोतं काठावर उलटं पडलं आणि त्याच्या पोटावर लाल रंगात अक्षरं दिसली. दे. बा.

आमच्याकडचा प्रत्येक शेतकरी आपल्या पोत्यांवर रंगानं नाव घालतो. राईस मिलमध्ये पोती बदलू नयेत म्हणून. ती इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की चोरून पाणी अडवायला निघालेला माणूसही घरातलं पहिलं हाताला लागलेलं पोतं उचलतो, आणि ते नावाचं असतं. दे. बा. म्हणजे देवाजी. गावातले मोठे शेतकरी, तलावाला लागून त्यांच्या बांध्या, गावात एकुलता मळणीचा ट्रॅक्टर त्यांचा. पंचफुलाबाईनं पोत्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे. नुसती पदराला हात पुसत राहिली.

ते पोतं फिल्ममध्ये जेमतेम डोळ्यांच्या दोन उघडझापीएवढं आहे.

मग कापणी आली आणि आम्ही पुन्हा गेलो, शेवटची दृश्यं घ्यायला. आता शेत रिकामं होऊ लागलं होतं. सकाळी दव इतकं की चपला भिजायच्या, आणि दुपारी काडी इतकी सुकलेली की पायाखाली कडकड वाजायची. पोपटांचे थवे कलकलाट करत उतरायचे. टोलीची सगळी पुंजणी टोलीच्या खळ्यावर एकाला एक लागून उभी राहत होती. सगळ्यांनी मिळून रचायची आणि मिळून राखायची, अशीच रीत. एकाच्या डोळ्याला डोळा लागला तर दुसरा जागा असतो.

फिल्म गावात दाखवायची असं आम्ही आधीच कबूल केलं होतं. ज्याची फिल्म त्यानं ती पहिल्यांदा पाहायची, मग बाकीच्या जगानं. हा आमचा एकुलता एक नियम. आणि गावाची मंडई तोंडावर आली होती. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. दर गावाची वेगळ्या दिवशी. लेकीबाळी येतात, पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, दिवसा दंडार, म्हणजे ढोलावरचा नाच-सोंगांचा खेळ, आणि रात्रभर नाटक. नाटकाआधी अंधार पडता पडता आमची फिल्म लावायची असं मंडईच्या कमिटीनं ठरवलं होतं. त्या वेळी पोत्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. नंतर ते गावभर झालं. कसं झालं, मला कधीच कळलं नाही. गावात गोष्टी कळत नाहीत, मुरतात.

मला आधी आवाजातून कळलं. पानठेल्यावर आम्ही पोचलो की बोलणं थांबायचं. एकदम थांबत नसे. शेवटचं वाक्य कुणीतरी नीट पूर्ण करायचं आणि मग पुढचं कुणी सुरू करायचं नाही. पिठाच्या चक्कीवर तेच. एकदा मी रस्त्याच्या पलीकडून, मोकळ्या जागेचा आवाज घ्यायला म्हणून माईक उभा धरला होता. ठेल्यावरच्या दोघांचं बोलणं कानात स्पष्ट आलं.

“यंदा तणस लय सुकली गा.”

“हो ना. जपून राहा लागते. टोलीकडचं खळं त साऱ्यात सुकं.”

एवढंच. यात धमकी कुठे होती? शेतकऱ्यानं शेतकऱ्याशी बोलावं तसं बोलणं. मी ते विनयला ऐकवलं तर तो म्हणाला, “अरे, हे तर नॉर्मल आहे ना.” त्याला ती दोन वाक्यं ऐकू आली. मला दोन वाक्यांमधलं हसणं ऐकू आलं होतं, नाकातून सोडलेलं.

देवाजी स्वतः आले ते दुपारी, उजळ माथ्यानं. पंचफुलाबाईच्या अंगणात बाजेवर बसले, पाणी मागितलं आणि प्यायले. हेही सांगायला हवं, कारण त्यांचे वडील या अंगणात आले असते का आणि इथलं पाणी प्यायले असते का, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. धोतर पांढरं स्वच्छ, बोलणं मऊ.

“बाई, तुमी शयरातले लोकं,” ते मला म्हणाले. “चांगलं काम करून राहिले. पंचफुलाबाईनं आमच्या गावाचं नाव काढलं. फिलिम दाखवा, आमी खुर्च्या देतो, लाईट देतो. फकत थे पोतं तेवढं नोका दाखवू जी. मंडईले पाव्हने येतेत. माह्या नातीचं जमून राहिलं.”

“कापायला काय लागतं,” विनय पटकन म्हणाला. “एका मिनिटाचं काम आहे.” त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आम्ही मंडईनंतर निघून जाणार होतो आणि त्याला ते कळत होतं.

पंचफुलाबाई दारात बसून लाखोळीची भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पोतं काढलं त पानी कोनं अडवलं, भाऊ? देवानं? अना आमी त देव भी मानत नाई.”

देवाजी हसले. खरंच हसले. मग उठता उठता म्हणाले, “तुमच्या चुरण्याचं पाहाले पायजे. ट्रॅक्टरचा बेल्ट तुटला माह्या. मंडई झाल्यावरच होईन आता.” टोलीत मंडईआधी ज्यांची पाळी होती त्यांच्यापैकी बाकी कुणाच्या चुरण्याला बेल्ट तुटला नव्हता.

म्हणजे मंडईच्या दिवशी, अख्खं गाव चौकात असताना, तिचं धान उघड्यावर उभं राहणार होतं. मंडईला शेतात कुणी जात नाही, राखणीलाही नाही. ही रीत इतकी पक्की की कुत्रीसुद्धा चौकात असतात. सगळं वर्ष ती आणि प्रज्ञा त्या पुंजण्यातूनच जेवणार होत्या आणि प्रज्ञाचं शेवटचं वर्षही त्यातूनच निघणार होतं.

अलीकडे ती फिल्म मोबाईलवर कुणालाही दिसते. मला कॉलेजांत बोलावतात. पुण्यात एका मुलीनं उठून विचारलं, “मॅडम, त्यांना भीती वाटत नव्हती का?” तिच्या आवाजात कौतुकाचा सूर होता. लोकांना न भिणारी माणसं बघायला आवडतात. मग आपण भितो त्याचं काही वाटत नाही. पंचफुलाबाई भीत होती. त्या आठवड्यात ती भात कालवायची आणि ताट तसंच सरकवून द्यायची. बांगडी वाजली तरी वळून पाहायची. मी हे रेकॉर्ड केलेलं नाही. माझ्याकडे आहे ते सगळं तिचं हसून बोललेलं.

देवाजी येऊन गेले त्याच संध्याकाळी टोलीनं पंचफुलाबाईला आणि आम्हाला विहारात बोलावलं. पंखा बंद, बुद्धापुढे मेणबत्ती, बायका एका बाजूला. टोलीतले निवृत्त मास्तर बोलायला उठले. सभ्य माणूस, शब्द तोलून वापरणारा.

“पंचफुलाबाई, तुमचं बरोबर हाये. कोन नाई म्हनते? तुमच्या पान्यावर आमचं धान पिकलं, हे भी खरं. पन आमचे पुंजणे तुमच्या पुंजण्याले लागून हायेत.”

मग मागून एक बाई म्हणाली, “माह्या पोरीले पाहाले येनार हायेत वो मंडईले. एक साल जाऊ द्या ना. पुढच्या साली दाखवा फिलिम.”

“पुढच्या साली पोतं दुसरं राहीन,” पंचफुलाबाई म्हणाली.

“आमी भेकड नाई,” मास्तर म्हणाले. “पन आग कोनाचं नाव वाचत नाई.”

मला त्या माणसांचा राग आला होता आणि तो येऊ नये असंही वाटत होतं. लहानपणापासून ज्यांनी जळालेलं खळं पाहिलंय, त्यांना मी कोण सांगणार? मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. पंचफुलाबाई जमिनीवर बोट फिरवत होती. मग म्हणाली, “बरं.” आणि उठून घरी गेली. मास्तरांना वाटलं, फिल्म थांबली. आम्हालाही तेच वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती खळ्यावर गेली आणि आपलं पुंजणं मोडायला लागली.

रचलेलं पुंजणं चुरण्याशिवाय मोडत नाहीत. मोडलं की वाळलेला दाणा गळतो, आणि गावात म्हणतात की लक्ष्मी हलते. पंचफुलाबाई म्हणाली, “लक्ष्मीचं मले माहीत नाई. दाना गळते, हे खरं.” तिनं खाली लुगडी पसरली होती, गळलेला दाणा त्यात पडावा म्हणून. ती वरून भारा काढायची, प्रज्ञा डोक्यावर घ्यायची आणि धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, चालत थेट आपल्या बांधीत, नहरीच्या टोकाला, नेऊन टाकायची. प्रज्ञा रडत होती आणि आईवर चिडत होती.

“काहून करून राहिली तू हे? त्यायले भेव वाटते त त्यायनं हलवावं ना आपलं!”

“त्यायचे पुंजणे लय हायेत. माहं एक हाये. एक हलवनं सोपं.”

टोली दारांतून पाहत होती. कुणी मदतीला आलं नाही, कुणी थांब म्हटलं नाही. विनयनं कॅमेरा खाली ठेवला आणि भारे उचलायला लागला. मीही. मानेला काडी टोचायची, घामावर धूळ चिकटायची. दुपारपर्यंत खळ्यावर तिच्या पुंजण्याच्या जागी पिवळा गोल डाग उरला आणि टोलीच्या पुंजण्यांच्या रांगेत, दात पडल्यावर दिसते तशी, फट. नहरीच्या टोकाला मोकळ्या बांधीत तिचं पुंजणं पुन्हा उभं राहिलं. आजूबाजूला काही नाही. आग लागली असती तर ती दुसरीकडे पसरायला वाटच नव्हती.

“आता दाखवा,” ती म्हणाली. “जळलं त माहं जळन.”

मंडईचा दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. दंडारीचे ढोल, गुलाल, जिलेबीचा वास, नव्या साड्यांची सळसळ. प्रत्येक जण हसत होता आणि मला गावातल्यांच्या हसण्यात काहीतरी कमी ऐकू येत होतं. पाहुण्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांचं हसणं पुरं होतं. गावाचं हसणं तेवढ्यापुरतं येऊन थांबत होतं. उन्हं कलली तशी मी दर थोड्या वेळानं पश्चिमेला पाहत होते. तिथून पंचफुलाबाईची बांधी दिसत नव्हती, पण धूर दिसला असता.

अंधार पडला, दोन बांबूंना बांधलेल्या चादरीवर फिल्म सुरू झाली. देवाजी पहिल्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर मानाचा नारळ. पंचफुलाबाई बायकांत, खाली, पदर घट्ट ओढून. लोकांनी आपापली शेतं पाहून आरडाओरडा केला, कुणाचा बैल दिसला तर टाळ्या. मग नहर आली. पाण्याचा आवाज नाहीसा झाला. लाउडस्पीकरमधून नुसती पहाट ऐकू येत होती. पंचफुलाबाई पडद्यावर खाली उतरली, पोतं ओढलं आणि पाण्यानं तो श्वास सोडला. लाल अक्षरं आली आणि गेली. चौकात कुणीही खोकलं नाही. मी गर्दीचे खूप आवाज घेतले आहेत. हजारभर माणसं एकाच वेळी काहीच न करता बसल्याचा आवाज त्या एका वेळीच ऐकला.

फिल्म संपली तेव्हा पहिली टाळी देवाजींनी वाजवली. सावकाश, नारळ मांडीवर सांभाळत. मग सगळ्यांनी वाजवल्या. ते उठून आमच्याकडे आले. “चांगली बनली,” म्हणाले. “पानी लय सुंदर दिसते.” आणि पाहुण्यांना घेऊन घराकडे गेले. त्यांचा आवाज जराही बदललेला नव्हता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

रात्रीचं लिहीत नाही. राखणीला जातो, असं विनय म्हणाला होता, पण पंचफुलाबाईनं आम्हाला चौकातून हलू दिलं नाही. नाटक चाललं होतं आणि आम्ही कुणीही नाटक पाहत नव्हतो.

फटफटलं तसे आम्ही चौघं नहरीच्या कडेनं निघालो. दव पडलेलं, धुकं गुडघ्याएवढं. प्रज्ञा पुढे धावत होती आणि आई तिला हळू चाल म्हणत होती. पुंजणं उभं होतं. धुक्यातून आधी त्याचं टोक दिसलं, मग खांदे, मग सगळं. प्रज्ञानं जाऊन त्याला मिठीच मारली. विनय मोठ्यानं हसला.

मग पंचफुलाबाई पुंजण्याला वळसा घालून मागच्या बाजूला गेली आणि तिथेच थांबली. छातीच्या उंचीवर, दोन भाऱ्यांच्या मधल्या फटीत, पळसाचं पान दुमडून खोचलेलं होतं. दवापासून झाकलं जावं अशी काळजी घेऊन. तिनं पान काढलं. आत काडीपेटी होती. नवी.

प्रज्ञा पुंजण्यापासून मागे सरकली. कुणीतरी रात्री इथे आलं होतं, हात लावता येईल इतकं जवळ, आणि त्याला कसलीच घाई नव्हती. मी सभोवार पाहिलं. धुकं, कापलेल्या धानाची खुंटं, तलावाची पाळ. कुठे कुणी नाही. विनय म्हणाला, आत्ताच्या आत्ता पोलीस स्टेशनला जाऊ. पंचफुलाबाईनं नुसती काडीपेटी त्याच्यापुढे धरली. काडीपेटी ठेवणं हा कुठल्या कायद्यात गुन्हा असतो?

तिनं पेटी कानाजवळ नेऊन हलवली. भरलेली होती. मग ती कमरेला खोचली आणि घराकडे चालायला लागली. घरी येऊन चुलीत काटक्या घातल्या, ती पेटी काढली, काडी ओढली. पहिली विझली. दुसरी लागली. चहाचं आधण ठेवलं.

“घरची संपलीच होती,” ती म्हणाली.

तिनं पेटी चुलीवरच्या फळीवर ठेवली, दारातून येणाऱ्याला आधी दिसेल अशी. “ज्याची असन तो येईन मांगायले. देऊन टाकीन.”

कुणी मागायला आलं नाही. मंडईनंतर चार-आठ दिवसांत ट्रॅक्टरचा बेल्ट आपोआप जुळला आणि तिचं धान निघालं. पाणी अजून शेवटच्या बांधीपासूनच सुटतं. नियम बदलायला त्यानंतर कुणी आलं नाही. पुढे फिल्मला बक्षिसं मिळाली, विनय पुण्याला गेला, प्रज्ञा मास्तरीण झाली. कॉलेजात मला विचारतात, तुमच्या फिल्मनं काय बदललं? मी पाण्याचं सांगते. लोक खूश होतात, आणि पाण्याचं खरंच आहे.

आज सकाळी तणसाचा ट्रॅक्टर गेला आणि मी फोन लावला. दरवर्षी लावते. पंचफुलाबाई आता थकली आहे, पण आवाज तोच, चिडवणारा. धान कसं झालं विचारलं, तर म्हणाली, “लय झालं माय यंदा. टोलीचं त विचारूच नको, खळं पुरून नाई राहिलं.”

“आणि तुमचं पुंजणं? यंदा तरी खळ्यावर रचलं का?”

ती म्हणाली, “नाई. बांधीतच हाये. टोलीवाले म्हनतेत, बाई, अजून एक साल जाऊ द्या.”